उंच टाचा : हौस कुणाची, हुकूम कुणाचा?

चपलांवर लेख लिहायचा म्हटले की काही वाचकांना विषय हलका वाटेल. आम्हास तो तसा वाटत नाही. आपल्या आजी-पणजीला गावातील वरच्या आळीतून जाताना पायातील वहाणा काढून हातात घ्याव्या लागत होत्या. कित्येकींना तर वहाणा अशा मिळाल्याच नाहीत. त्यांचे आयुष्य तापल्या फुफाट्यात अनवाणी गेले. मेलेले ढोर ओढणारे आणि चामडे कमावणारे हात कष्टकऱ्यांचे, आणि पाय मात्र त्यांचेच उघडे. त्यामुळे आपल्या लेकीसुनांनी पायात काय घालावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न आपल्या घरात तरी हसण्यावारी नेता येत नाही.

प्रश्न असा : बायका आजही उंच टाचेच्या चपला आपल्या मर्जीने घालतात काय?

आधी डोळ्यांना दिसते ते सांगतो. आम्ही नोकरीस लागलो त्याला वीसेक वर्षे झाली. त्या वेळी कार्यालय उघडायच्या सुमारास जिन्यात टक् टक् असा आवाज सुरू होई आणि कोण आले हे मान वर न करता कळे. नव्याने लागलेल्या मुली पहिल्या पगारात आईला साडी घेत आणि स्वतःला हमखास हीलची सँडल. आता तो आवाज जवळजवळ बंद झाला आहे. पंजाबी ड्रेसखाली, जीन्सखाली, इतकेच काय साडीखालीसुद्धा स्पोर्ट्स शूज दिसतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. आमच्या मजल्यावर रोज हील घालून येणाऱ्या दोघी-तिघीच उरल्या आहेत. मात्र आणखी चार-पाच जणी अशा आहेत की त्यांची हीलची जोडी टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींच्या मागे ठेवलेली असते. वरिष्ठांची बैठक असली, कोणाचा निरोपसमारंभ असला की ती बाहेर निघते, दोन तास पायात राहते आणि पुन्हा खणात जाते. पैठणीसारखी ती आता समारंभापुरती उरली आहे.

कारणे शोधायला दूर जायला नको. सकाळची लोकल, तिच्यात शिरताना फलाट आणि डबा यांतील ती फट, उतरल्यावर पुलाचे जिने, पुढे पेव्हर ब्लॉकचा रस्ता. त्या ब्लॉकच्या खाचेत पेन्सिल हील अडकली की बाई तोंडावरच पडते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. त्यात २०२० साली करोनाची टाळेबंदी आली. सगळ्या घरी बसल्या, पाय घरच्या स्लीपरला सोकावले. पुन्हा कार्यालये उघडली तेव्हा कपाटातील सँडल बाहेर काढली तर अनेकींच्या हातात तिचा भुगा आला. पी.यू. चे सोल दमट हवेत न वापरता पडून राहिले की आतल्या आत कुजतात, हे तेव्हा पुष्कळांना कळले. नवी जोडी घ्यायची वेळ आली तेव्हा बहुतेकींनी सपाट घेतली.

स्टेशनाबाहेर पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसणारे एक गटई कामगार मामा आमच्या ओळखीचे आहेत. हीलच्या टोकाला रबराचे जे छोटे बूच असते ते झिजले की आतला खिळा फरशीवर वाजतो. ते बूच बदलून देणे हे मामांचे एके काळी रोजचे काम. संध्याकाळी गाडी पकडण्याआधी बायका एका पायावर उभ्या राहून बूच ठोकून घेत. मामा सांगतात, आता दिवस दिवस एकही येत नाही. स्पोर्ट्स शूजचा सोल सुटला तर लोक शिवत नाहीत, फेकून देतात. म्हणजे बाईच्या पायाला आराम मिळाला त्यात मामांच्या गल्ल्यातील काही रुपये कमी झाले. हिशेबाची दुसरी बाजूही लिहावी लागते, म्हणून हे सांगितले.

परंतु या सगळ्यावरून हीलचा काळ संपला असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ती कोणाच्या पायातून गेली आणि कोणाच्या पायात राहिली हे बघितले पाहिजे. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

हील मुळात बाईसाठी निघालीच नव्हती, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. इराणमधील घोडेस्वार टाचेचे बूट घालीत, कारण टाचेमुळे रिकिबीत पाय घट्ट बसे आणि रिकिबीत उभे राहून नेम धरून बाण सोडता येई. १५९९ साली इराणच्या शहा अब्बासने युरोपातील दरबारांकडे आपले वकील पाठवले. त्या सुमारास तिकडच्या सरदार-दरकदारांना इराणी वस्तूंचे वेड लागले आणि त्यात या टाचाही आल्या. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तांबड्या टाचांचे जोडे घाली, आणि दरबारात तांबडी टाच ही मानाची खूण असे. १७०१ साली रिगो नावाच्या चित्रकाराने त्याचे जे मोठे चित्र रंगवले त्यात त्या टाचा आजही दिसतात. ज्याला चिखल तुडवायचा नाही, ओझे वाहायचे नाही, चार पावलांपलीकडे पायी जायचे नाही, अशा माणसाचे ते पादत्राण. आम्ही कष्ट करीत नाही, हे दुरून कळावे अशी त्याची योजना. आपल्याकडे जातीच्या खुणा कपड्यांवर आणि दागिन्यांवर कशा कोरलेल्या होत्या हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

पुढे तिकडच्या खानदानी स्त्रियांनी ती टाच उचलली आणि अठराव्या शतकात पुरुषांनी ती सोडून दिली. पुरुषाला सोयीचे वाटेनासे झाले ते बाईकडे राहिले, ही गोष्ट काही फ्रान्सपुरतीच नाही. १९५० नंतरच्या दहा वर्षांत टाचेच्या आत पोलादाची सळई घालण्याची युक्ती निघाली आणि बोटाएवढी बारीक, तीन-चार इंच उंच टाच शक्य झाली. तिला नाव मिळाले स्टिलेटो. इटालियन भाषेत स्टिलेटो म्हणजे बारीक कट्यार. सगळे वजन तेवढ्याशा टोकावर येत असल्यामुळे लाकडी फरशीला खड्डे पडत. फरशी खराब होते म्हणून काही इमारतींत या टाचा घालून यायला बंदी होती. फरशीची काळजी घेणारे निघाले. पायाची काळजी घेणारे निघायला आणखी पन्नास-साठ वर्षे जावी लागली.

आता पायाचे बघू. माणूस सपाट उभा असतो तेव्हा त्याचे वजन टाच आणि चवडा दोन्हींवर वाटले जाते. टाच जसजशी उंच होते तसतसे ते वजन पुढे सरकून चवड्यावर आणि बोटांच्या मुळांशी येते. त्यात चपलेचे तोंड निमुळते असेल तर बोटे एकमेकांवर चेपली जातात. मग अंगठ्याच्या मुळाशी गाठ येते, भोवऱ्या होतात, तळव्यात आग होते. शरीर पुढे पडू नये म्हणून कंबर आत खेचून धरावी लागते, तिचे दुखणे वेगळेच. १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला. उंच टाचेने चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण वाढतो असे त्यात दिसले. गुडघ्याची झीज नेमकी याच बाजूला अधिक होते. पुष्कळ बायका म्हणतात, पेन्सिल हील वाईट पण रुंद टाच चालते. त्याच डॉक्टरांनी २००१ साली रुंद टाचांचीही तपासणी केली, तर गुडघ्यावरचा ताण तिथेही कमी झालेला नव्हता. रुंद टाचेने तोल सांभाळतो एवढेच. २०१० साली आणखी एक अभ्यास झाला. वर्षानुवर्षे रोज हील घालणाऱ्या बायकांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू आखूड झालेले आणि टाचेमागची दोरीसारखी शीर ताठर झालेली त्यात आढळली. म्हणूनच काही बायका सांगतात की सपाट चपलेत आमच्या पोटऱ्या दुखतात, हीलमध्येच बरे वाटते. त्या खोटे सांगत नाहीत. शरीरालाच तशी सवय लागलेली असते. अशांनी एकदम सपाटीवर न येता टाच हळूहळू कमी करावी.

हे सगळे सोसूनही कोणी दोन तास हौसेने हील घालीत असेल तर आमचे काही म्हणणे नाही. लग्नाला, वाढदिवसाला, नाचायला, फोटो काढायला जरूर घाला. आमचा मुद्दा आठ-आठ, नऊ-नऊ तास उभे राहणाऱ्यांचा आहे. चौदाव्या लुईच्या काळी ही टाच बसून खाणाऱ्याची खूण होती. आज ती मॉलमध्ये, शोरूममध्ये, हॉटेलच्या स्वागतकक्षात, विमानात, लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडत उभ्या असलेल्या मुलीच्या गणवेशात येऊन बसली आहे. जी बसू शकते ती बाई स्पोर्ट्स शूज घालते आणि जिला बसायला मनाई आहे तिला हील घालावी लागते. असा हा उलटा कारभार आहे.

ही तक्रार एकट्या आपल्याकडची नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लंडन शहरात निकोला थॉर्प नावाची तरुणी एका बड्या कंपनीत स्वागतिकेच्या तात्पुरत्या कामावर गेली. पायात सपाट बूट होते. दोन ते चार इंच टाचेचे जोडे घालून ये, असे तिला सांगण्यात आले. पुरुष सहकाऱ्यालाही असाच नियम आहे काय, असे तिने विचारले, तेव्हा तिचे हसे झाले. तिने नकार दिला आणि तिला बिनपगारी घरी पाठवण्यात आले. कंपनी हिशेब तपासनिसांची होती. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आम्हास वाटून गेले की हे लोक जगाचा ताळेबंद तपासतात आणि बाईच्या टाचेचे इंच मोजतात! निकोलाने पुढे अर्ज तयार केला, त्यावर दीड लाखावर सह्या झाल्या. ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी साक्षी घेतल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. पाय सुजलेल्या, रक्ताळलेल्या कितीतरी बायकांनी समितीपुढे आपली कैफियत मांडली होती. सरकारने मात्र नवा कायदा केला नाही. २०१० चा समता कायदा पुरेसा आहे, असे उत्तर देऊन विषय संपवला. कायदा आहे आणि तो पुरेसा आहे, हे उत्तर आपल्याही परिचयाचे आहे.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कामाच्या ठिकाणी उंच टाचेची सक्ती करण्यास बंदी घातली. फिलिपाईन्स हा गरीब कामगारांचा देश. तिथल्या दुकानांतील विक्रेत्या मुलींच्या तक्रारीवरून त्यांच्या कामगार खात्याने २०१७ सालीच आदेश काढला : सक्तीची टाच एक इंचाहून उंच नसावी, आणि सतत उभे राहून काम करणाऱ्यांना मधूनमधून विसावा व बसायची सोय मिळावी. श्रीमंत लंडनला जे जमले नाही ते मनिलाला जमले.

जपानची हकिगत २०१९ ची. युमी इशिकावा ही अभिनय करणारी आणि लिहिणारी बाई पोटासाठी अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेत काम करीत असे. तिथेही हील सक्तीची. पुरुषांचे सपाट बूट बघून तिने एक दिवस आपला संताप लिहून जगापुढे टाकला. जपानी भाषेत जोड्याला ‘कुत्सु’ म्हणतात आणि वेदनेलाही जवळजवळ तोच शब्द आहे. त्या दोहोंवरून तिच्या चळवळीला ‘कुटू’ असे नाव पडले. हजारो सह्यांचा अर्ज कामगार खात्याकडे गेला, तर मंत्रिमहोदय म्हणाले की कामाच्या गरजेपुरती हील समाजाला मान्य असलेलीच गोष्ट आहे. तरी २०२० साली जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना सपाट बूट घालायची मोकळीक दिली. मंत्र्याने दिले नाही ते कंपनीने दिले, कारण बायका गप्प बसल्या नाहीत.

आणि हो, या सिनेमावाल्यांचेही सांगायला हवे. २०१५ साली फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सपाट चपला घातलेल्या काही बायकांना तांबड्या गालिच्यावरून परत पाठवल्याचा गवगवा झाला. पुढल्या वर्षी ज्यूलिया रॉबर्ट्स ही नामवंत नटी त्याच गालिच्यावर चक्क अनवाणी चढली. तिला कोणी अडवले नाही. शोरूममधल्या मुलीने अनवाणी उभे राहून बघावे, दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी दिसेल.

आपल्या देशात या बाबतीत वाट दाखवली ती केरळने. कोझिकोड शहरातील विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने कपड्यांच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांची संघटना बांधली. या स्त्रियांना दिवसभर टेकायलाही परवानगी नसे. लघवीला जायचीही चोरी. कित्येक वर्षे झगडल्यावर २०१८ साली केरळ सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. तसे पाहिले तर १९४८ च्या कारखाना कायद्यातही ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याची तरतूद होती, पण ती कारखान्यापुरती. साड्यांचे दुकान म्हणजे काही कारखाना नव्हे, असे म्हणून मालक मोकळे. बसायचा हक्क आणि पायातील टाच हे दोन वेगळे विषय वाटतील. ज्यांनी तीन इंची टाचेवर दिवाळीच्या गर्दीत काउंटर सांभाळला आहे त्यांना विचारा, ते एकच आहेत.

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीतील एक मुलगी वकील झाली आहे. ती कोर्टात हील घालून जाते. आम्ही तिला गुडघ्याचे चार शब्द सुनावले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मी पाच फुटांची. सपाट चपलेत उभी राहिले की समोरचा वकील माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलतो. टाच घातली की निदान डोळ्यांत बघून बोलतो.” यावर आमच्याकडे पटकन उत्तर नव्हते. कपडे आणि पादत्राणे ही आपल्या समाजाला कधीच नुसती हौस नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे गाठल्या-पाटल्यांचे ओझे यांवरून तुमची जात ओळखू येते, ते बदला, पायघोळ नेसा, असे त्यांनी सांगितले आणि बायकांनी ते तिथल्या तिथे अंगीकारले. ज्या बाईला गुडघ्यापर्यंतच लुगडे नेसण्याची सक्ती होती तिने ते घोट्यापर्यंत आणणे ही केवढी गोष्ट होती! त्यांच्या पणतीने काळा कोट आणि टाचेचे जोडे घालून न्यायमूर्तींपुढे उभे राहणे आम्हास त्याच ओळीत दिसते. तिच्यावर कोणाचा हुकूम नाही. गुडघे तिचे आहेत आणि निर्णयही तिचाच आहे. फक्त समोरच्या वकिलाने खाली बघून बोलायला शिकावे, एवढी आमची अपेक्षा आहे.

लग्न जमवण्याच्या बाबतीत मात्र आम्हास आपल्याच माणसांशी भांडायचे आहे. वधू-वर सूचक मेळाव्यात आम्ही नोंदणीच्या टेबलावर बसतो. मुलीच्या माहितीपत्रकात उंचीचा रकाना असतो आणि त्यात आई-वडील हमखास दोन इंच वाढवून लिहितात. मग ते दोन इंच कुठून तरी भरून काढायचे म्हणून मुलगी बघायच्या दिवशी तिला तीन इंची हील. जिने जन्मात कधी घातली नाही ती मुलगी चहाचा ट्रे धरून त्या टाचेवर चालत येते, आणि सगळ्यांचे लक्ष तिच्या पायाकडे. एका ठिकाणी मुलाच्या आत्याने सर्वांसमोर चप्पल काढून दाखवायला सांगितले. त्या मुलीचे तोंड आम्ही विसरलेलो नाही. मुलगा स्वतः कितीसा उंच आहे हे कोणी विचारीत नाही. आपल्या मुली बुटक्या का, याचाही कोणी विचार करीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या बालकांचे प्रमाण अनुसूचित जाती-जमातींत इतरांहून अधिक दिसते. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार, गरोदर बाईने सर्वांत शेवटी जेवणे, लहानपणची दुखणी हे सगळे त्या दोन इंचांत आहे. मुलीला लहानपणी अंडे, दूध, डाळ द्या; विसाव्या वर्षी हील देऊन ते भरून निघत नाही.

उपासिकांच्या वर्गात एकीने गमतीने विचारले, अष्टशीलात ‘उच्चासयना’ वर्ज्य आहे, मग उंच टाच चालते का? तो नियम उंच व आरामशीर बिछान्याचा आहे, टाचेचा नाही, असे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. पण विनयपिटकात पादत्राणांचा विचार फार बारकाईने आलेला आहे. महावग्गात सोण कोळिविस या सुकुमार भिक्खूची कथा आहे. तो अनवाणी चंक्रमण करी तेव्हा त्याचे पाय फुटून वाट रक्ताने भरली. तथागतांनी त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरण्याची मुभा दिली. मला एकट्याला नको, सर्वांना असेल तर घेईन, असे तो म्हणाला आणि साऱ्या संघाला ती मुभा मिळाली. त्याच प्रकरणात पुढे काही भिक्खू लाकडी खडावा घालून पहाटे खडखड करीत फिरू लागले, त्यांच्या पायांखाली किडे मरू लागले आणि ध्यानाला बसलेल्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा खडावांना बंदी झाली. रंगीबेरंगी, शिंगांच्या आकाराने सजवलेल्या वहाणांनाही मनाई झाली. आधी दुखणाऱ्या पायाचा विचार आणि मग दिखाव्याचा, हा क्रम आमच्या ध्यानात राहिला आहे.

ज्यांना हील घालायचीच आहे किंवा नोकरीपायी घालावी लागते अशा भगिनींसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी. चपला संध्याकाळी विकत घ्याव्यात, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी घेतलेली जोडी रात्री चावते. पुढच्या बाजूला बोटे मोकळी हलली पाहिजेत. येता-जाता सपाट चप्पल पायात आणि हील पिशवीत ठेवावी. घरी आल्यावर भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. मधुमेह असलेल्या बाईने निमुळती हील अजिबात घालू नये, कारण तिच्या पायाला बधिरपणा असू शकतो, मग जखम झालेली कळत नाही आणि चिघळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना स्नेहसंमेलनापुरती ठीक, रोज नको. त्यांची हाडे अजून वाढत असतात.

आणि सपाट चप्पल म्हणजे गावठीपणा, हा समज आता तरी सोडावा. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्रादा या महागड्या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मिरवल्या आणि त्या कुठल्या हे आधी सांगितलेच नाही. इकडे ओरड झाल्यावर कबूल केले. कोल्हापुरीला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती घडवणारे हात कोणाचे हे आपल्याला सांगायला नको. त्या हातांना किती मिळते आणि मिलानच्या काचेआड किंमत किती लागते, यावर पुढे स्वतंत्र लिहू.

आमच्या महिला मंडळातील एका ताईंची मुलगी उपनगरातील दागिन्यांच्या पेढीवर विक्रेती आहे. वय बावीस, बारावी पास, घरातील पहिली पगारदार. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ उभे राहणे, काळी साडी आणि अडीच इंच टाच. सहा महिन्यांत तिच्या अंगठ्याजवळ गाठ आली आणि डॉक्टरांनी सपाट बूट सांगितले. नोकरी सोड, असे आई म्हणाली; हप्ते कोण भरणार, असे मुलगी म्हणाली. दोघींचेही बरोबर होते. शेवटी तिने आणि बरोबरच्या सहा जणींनी मिळून अर्ज लिहिला. मजकूर आम्ही तपासून दिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आणि सह्या वर्तुळात करायला सांगितल्या, म्हणजे पहिली कोणाची हे कळू नये. व्यवस्थापकांनी आधी आरडाओरडा केला. मग एकाच वेळी सात मुली दिवाळीच्या तोंडावर कुठून आणणार, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. आता सोमवार ते शुक्रवार काउंटरमागे काळे सपाट बूट चालतात. शनिवार-रविवार आणि सणाला मात्र हील कायम आहे. काउंटरमागे दोन स्टुले ठेवावीत, एवढी मागणी मालकांनी अजून मान्य केलेली नाही. पुढल्या महिन्यात मुली पुन्हा भेटायला जाणार आहेत.